जिवंत ठेव

बँकेत ठेव घेतली की आम्ही पावती देत असू. कुत्रा दुसऱ्यावर सोपवून गावाला जाणाऱ्याला मात्र पावतीने धीर येत नाही. कारण ही ठेव खाते, रुसते, आजारी पडते. मुले परदेशी, घरात वृद्ध जोडपे आणि एक लॅब्रॅडॉर, हे पुण्या-मुंबईतले चित्र आता नवे नाही. त्यातूनच कुत्री फिरवण्याचा, प्राणी सांभाळण्याचा व्यवसाय उभा राहिला.

वरवर पाहता हा तासाच्या हिशेबाचा धंदा. प्रत्यक्षात विकली जाते ती नजर. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळपायांना. अंगातली उष्णता तो धापा टाकून घालवतो. म्हणून वैशाखात जाणता माणूस आधी डांबरावर हात टेकवून पाहतो आणि ऊन चढण्याआधी फेरी उरकतो.

तबेल्यातही हाच नियम. घोड्याचे खूर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून तासून घ्यावे लागतात. त्याला ओकता येत नाही. पोटशूळ जिवावर बेततो. घोडा चारा सोडून वळून वळून पोटाकडे पाहू लागला, की तत्काळ डॉक्टरला बोलावतो तोच खरा मोतद्दार.

एका मुठीत दहा पट्टे धरणाऱ्याकडे अशी नजर कुठून असणार? तेव्हा घासाघीस करण्यापूर्वी एवढेच पाहावे : रेबीजची लस कधी टोचली, डॉक्टर कोण, हे त्याने आपणहून विचारले का? ज्याने विचारले, त्याच्या हाती घराची किल्ली खुशाल द्यावी.