नाशिकच्या हिऱ्याची प्रत

इंग्रजी ग्रंथांत ‘नासाक डायमंड’ म्हणून नोंदलेला हिरा आपल्या नाशिकचा. गोवळकोंड्याच्या खाणींतला हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानात होता, अशी परंपरा सांगते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तो कंपनीच्या लुटीत जमा होऊन लंडनला पोचला. तेव्हा त्याचे वजन ८९ कॅरटच्या वर होते. आज ते ४३.३८ कॅरट आहे. निम्मा हिरा कुठे गेला, हे शोधू लागले की हिऱ्याची प्रत कशी ठरते ते आपोआप उलगडते.

आजची सर्वमान्य प्रतवारी अमेरिकेतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटची. रिचर्ड लिडिकोट यांनी १९५३ मध्ये ती रूढ केली. कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रंग पाहताना हिरा पांढऱ्या पार्श्वभूमीवर पालथा ठेवतात, म्हणजे त्याची चमक डोळ्यांना फसवत नाही. मग शेजारच्या नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडून डी ते झेडमधले अक्षर देतात. डी म्हणजे पूर्ण रंगहीन. ए, बी, सी ही अक्षरे व्यापारी आधीच मनाला येईल तशी वापरत होते, म्हणून सुरुवातच डीपासून केली. शुद्धतेसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते आणि तिच्या अकरा पायऱ्या आहेत. आपल्याकडे वराहमिहिराने बृहत्संहितेत काकपद, माशी, केस असे हिऱ्याचे दोष सांगितले, ते सहाव्या शतकात. आतला डाग शोधणारी नजर आपल्याकडे फार जुनी आहे.

वाट वेगळी होते ती पैलूंपाशी. वजन, रंग, शुद्धता हे खाणीतून येते. पैलू माणूस पाडतो. आपले कारागीर वजन राखून, दगडाच्या मूळ आकाराला धरून पैलू पाडत. युरोपला प्रकाशाचा खेळ हवा होता. हिऱ्याच्या आत शिरलेला किरण पृष्ठभागावर साधारण साडेचोवीस अंशांपेक्षा तिरका आदळला, तर बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. खालचे पैलू नेमक्या कोनात असले, की तो उलटून वरूनच बाहेर येतो आणि हिरा झळाळतो. कोन चुकला, तर प्रकाश बुडातून निसटतो. तो कोन साधायचा, तर वजनावर पाणी सोडावे लागते.

लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने आपला हिरा पुन्हा घासून ७८ कॅरटच्या आसपास आणला. जुना आकार त्यांनी बराचसा सांभाळला, हे त्यांचे कौशल्य मानले पाहिजे. १८३७ च्या लिलावानंतर तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरकडे गेला. पुढे अमेरिकेत आणल्यावर प्राचीन कलावस्तू म्हणून त्याला जकातमाफी मागितली गेली. १९३० मध्ये अपील न्यायालयाने तो दावा फेटाळला.

१९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो विकत घेऊन एमराल्ड कटमध्ये घडवला. या कटात वरचा पैलू मोठा, सपाट, खिडकीसारखा असतो. आतला बारीकसा डागही लपत नाही. म्हणून तो निर्मळ दगडालाच शोभतो, आणि आपला हिरा तसा होता. त्यासाठी सुमारे ३५ कॅरट, म्हणजे सात ग्रॅमच्या आसपास हिरा खर्ची पडला. बाजाराच्या हिशेबाने सौदा फायद्याचाच. पण देवस्थानातून निघालेल्या दगडाचा मूळ घाट त्या सात ग्रॅममध्येच गेला. प्रमाणपत्रात वजन, रंग, शुद्धता, कट यांना रकाने आहेत, गेलेल्या घाटाला नाही.