टिफनी पद्धतीची लॅम्पशेड

टिफनी पद्धतीची लॅम्पशेड म्हणजे रंगीत काचेच्या लहान तुकड्यांच्या कडांवर तांब्याची फीत चढवून व ते तुकडे डाखाने एकमेकांना जोडून तयार केलेले दिव्यावरील आच्छादन होय. न्यूयॉर्क येथील लुई कम्फर्ट टिफनी (इ.स. १८४८–१९३३) यांच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा शेड तयार होऊ लागल्या व त्यावरून हे नाव रूढ झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही कला घरगुती छंद म्हणूनही जोपासली जाते. तीत भट्टी, काच फुंकण्याची साधने किंवा अवजड यंत्रे लागत नाहीत. तयार काचपत्रे विकत आणून पुढील सर्व काम एका टेबलावर हाताने करता येते.

पार्श्वभूमी

युरोपातील चर्चच्या खिडक्यांत रंगीत काच बसवण्याची कला मध्ययुगापासून चालत आलेली आहे. त्या पद्धतीत काचेचे तुकडे दोन्ही बाजूंना खोबण असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत अडकवतात आणि पट्ट्या जेथे एकत्र येतात तेथे डाख देतात. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील रंगीत काचेच्या खिडक्या याच परंपरेतील आहेत. शिशाची पट्टी मऊ आणि काही मिलिमीटर रुंद असते. सपाट खिडकीला ती योग्य ठरते. परंतु नखाएवढ्या तुकड्यांसाठी ती जाड पडते आणि घुमटासारख्या पृष्ठावर सर्व दिशांनी वळवणे अवघड जाते.

ही अडचण दूर करणारे दोन बदल अमेरिकेत झाले. चित्रकार जॉन ला फार्ज यांनी इ.स. १८८० मध्ये दुधाळ रंगछटांच्या काचेच्या खिडक्यांचे पेटंट घेतले. अशी काच प्रकाश विखुरते, त्यामुळे तिच्यामागील ज्योत किंवा विजेचा दिवा थेट डोळ्यांत भरत नाही. इ.स. १८८६ मध्ये बॉस्टन येथील सॅनफर्ड ब्रे यांनी काचेचे तुकडे तांब्याच्या पातळ पट्ट्यांनी जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. या पद्धतीत सांधा बारीक राहतो आणि कोणत्याही कोनात जुळवता येतो. खिडकीची कला दिव्यावर येऊ शकली ती या दोन बदलांमुळे.

टिफनी स्टुडिओ आणि महिला विभाग

लुई टिफनी हे न्यूयॉर्कचे प्रसिद्ध जवाहीर चार्ल्स लुईस टिफनी यांचे पुत्र. त्यांनी इ.स. १८८५ मध्ये काचकामाची स्वतंत्र कंपनी काढली. पुढे ती टिफनी स्टुडिओज या नावाने ओळखली जाऊ लागली. इ.स. १८९२ मध्ये तेथे काच निवडणे व कापणे यांसाठी महिलांचा विभाग सुरू झाला. त्याच्या प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल (इ.स. १८६१–१९४४) या ओहायो राज्यातील होत्या. स्त्रिया काच निवडून कापत व तिच्यावर तांबे चढवत. डाख देण्याचे काम पुरुषांच्या विभागात होई. इ.स. १९०३ मध्ये काच-कारागिरांच्या पुरुष संघटनेने महिलांच्या कामाला विरोध करून संपाची धमकी दिली. तडजोडीत महिलांचे काम चालू राहिले, पण त्यांची संख्या २७ वर मर्यादित करण्यात आली. विवाहानंतर स्त्रियांना नोकरी सोडावी लागे.

या शेडचे श्रेय दीर्घकाळ एकट्या टिफनींना दिले जात असे. ड्रिस्कॉल यांनी आई व बहिणींना लिहिलेली पत्रे अभ्यासकांच्या हाती आल्यावर हे चित्र बदलले. चतुर या कीटकाच्या नक्षीची आणि विस्टेरियाच्या वेलीची अशा अनेक नामांकित शेडची कल्पना त्यांची होती, हे पत्रांतून स्पष्ट झाले. चतुराच्या नक्षीच्या दिव्याला इ.स. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात कांस्यपदक मिळाले होते. विस्टेरिया शेडमध्ये काचेचे सुमारे २,००० तुकडे असतात. इ.स. २००७ मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने ड्रिस्कॉल व त्यांच्या सहकारी स्त्रियांच्या कामावर स्वतंत्र प्रदर्शन भरवले.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

पहिल्या महायुद्धानंतर अभिरुची बदलली आणि हे दिवे जुनाट वाटू लागले. टिफनी स्टुडिओजने इ.स. १९३२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्या काळात हे दिवे किती स्वस्त झाले होते याचे उदाहरण म्हणजे एगॉन न्यूस्टॅट यांनी इ.स. १९३५ मध्ये घेतलेला दिवा. न्यूयॉर्कच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना तो साडेबारा डॉलरना मिळाला. पुढे त्यांचा संग्रह या दिव्यांच्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक झाला. इ.स. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या कलेकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. मूळ दिवे सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेले, तसे ते स्वतः बनवण्याकडे हौशी लोक वळले. पाठीला चिकट थर असलेली तयार फीत, विजेवर चालणारी काच घासण्याची लहान यंत्रे आणि तयार साचे बाजारात आल्याने हा छंद सुकर झाला.

साहित्य आणि साधने

काच: सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे दुधाळ किंवा पारदर्शक रंगीत काचपत्रे वापरतात. टिफनींना काच पुरवणारा इंडियाना राज्यातील कोकोमो येथील कारखाना इ.स. १८८८ पासून चालू आहे.

तांब्याची फीत: काचेच्या जाडीपेक्षा रुंद असते. ३ मिलिमीटर काचेच्या कडेवर ५.५ मिलिमीटर रुंदीची फीत मधोमध लावली, तर दोन्ही पृष्ठांवर सव्वा-सव्वा मिलिमीटर कड येते. तीच पुढे सांध्याची रुंदी ठरवते.

डाख: कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू. ६० टक्के कथील व ४० टक्के शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सियसला वितळू लागतो व सुमारे १९० अंशांना पूर्ण प्रवाही होतो. तो लवकर गोठत असल्याने सांधा गुळगुळीत व फुगीर येतो.

फ्लक्स: तांब्यावरील गंज काढून डाख पसरू देणारे रसायन. कल्हई करताना तांब्या-पितळेच्या भांड्यावर नवसागर टाकतात, त्यामागील कारण हेच आहे.

याखेरीज चाकी असलेले काच-कटर, काच मोडण्याच्या पकडी, पाण्यावर चालणारे हिरकणीयुक्त घासणयंत्र, सोल्डरिंग आयर्न आणि साचा एवढी साधने पुरतात.

कृती

रचना. सर्वांत सोपा प्रकार सपाट पट्ट्यांचा असतो. एकसारख्या समलंब आकाराच्या सहा किंवा आठ पट्ट्या उलट्या बाजूने चिकटपट्टीने जोडून उभ्या केल्या की शंकूसारखी शेड तयार होते. तळाशी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ४० सेंटिमीटर हवे असल्यास आठ पट्ट्यांच्या शेडमध्ये प्रत्येक पट्टीची खालची बाजू सुमारे १५.३ सेंटिमीटर ठेवावी लागते. घुमटाकार शेडसाठी साचा लागतो. काचेचा प्रत्येक तुकडा सपाटच असतो; गोलाई केवळ सांध्यांतील कोनांमुळे निर्माण होते. त्यामुळे वळण जितके तीव्र, तितके तुकडे लहान घ्यावे लागतात.

काचेची निवड. टेबलावर पडलेली दुधाळ काच निस्तेज दिसते. तिचा खरा रंग मागून प्रकाश आल्यावरच कळतो. म्हणून काच उजेडासमोर धरून किंवा प्रकाशपेटीवर ठेवून निवडतात. एकाच पत्र्यात रंग बदलत जातो. पत्र्याचा कोणता भाग पाकळीला व कोणता पानाला द्यायचा आणि काचेतील रेषा कोणत्या दिशेने ठेवायच्या, यावर शेडचे सौंदर्य अवलंबून असते. एकाच नक्षीच्या दोन शेड वेगळ्या दिसतात त्या या निवडीमुळे.

कापणी. कटर काचेला आरपार कापत नाही. त्याची चाकी पृष्ठावर उथळ रेघ पाडते आणि पकडीने दाब दिल्यावर काच त्या रेघेवरून दुभंगते. एका रेघेवरून कटर दुसऱ्यांदा फिरवल्यास काच वेडीवाकडी फुटते व चाकीही बोथट होते. आत वळणारी कड एका रेघेत निघत नाही. थोडी थोडी काच काढत तेथपर्यंत जावे लागते. नंतर कडा घासून तुकडा कागदी नमुन्याशी जुळवतात. येथील चूक वाढत जाते. सोळा पट्ट्यांच्या शेडमध्ये प्रत्येक पट्टी अर्धा मिलिमीटर रुंद राहिली, तर घेर ८ मिलिमीटरने वाढतो आणि शेवटची पट्टी बसत नाही.

फीत लावणे. तुकडे धुऊन कोरडे केल्यावर कडेभोवती फीत गुंडाळून दोन्ही बाजूंना दुमडतात व लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने घोटतात. काचेवर तेल किंवा धूळ राहिल्यास फीत सुटते. टिफनींच्या कारखान्यात चिकट फीत नव्हती. तेथे तांब्याच्या पट्ट्या मधमाश्यांच्या मेणाने चिकटवत.

डाख देणे. तुकडे साच्यावर मांडून प्रथम ठिकठिकाणी डाखाचे थेंब देतात. रचना पक्की झाली की शेड साच्यावरून उतरवून आतून व बाहेरून सलग डाख देतात. डाख काचेला चिकटत नाही, फक्त तांब्याला धरतो. आतील व बाहेरील डाख फटीतून एकमेकांस मिळतो आणि शेडभर धातूची अखंड जाळी तयार होते. शेडचा भार ही जाळी पेलते. वितळलेला डाख उताराकडे वाहतो, म्हणून ज्या सांध्यावर काम चालू आहे तो आडवा येईल अशा रीतीने शेड वाळूच्या पेटीत किंवा फिरत्या आधारावर टेकवतात. आयर्न एकाच जागी रेंगाळल्यास उष्णतेच्या ताणाने काच तडकते.

मजबुती आणि रंग. ४० सेंटिमीटर व्यासाच्या अर्धगोलाकार शेडमध्ये सुमारे पाव चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन किलोग्रॅम काच असते. डाखाचे वजन त्यावर वेगळे. म्हणून खालच्या कडेभोवती कल्हई केलेली तांब्याची तार आणि वरच्या तोंडाशी पितळी कडे जोडतात. शेवटी फ्लक्सचा अंश धुऊन काढतात. मोरचुदाच्या द्रावणाने चकचकीत डाखावर तांब्याचा थर बसतो. काळ्या छटेसाठी वेगळी द्रावणे मिळतात. त्यावर मेणाचा हात दिल्यास रंग टिकतो.

सुरक्षितता

या छंदातील मुख्य धोका शिशाचा आहे. डाख देण्याच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते, कारण शिसे सुमारे १,७५० अंश सेल्सियसला उकळते. ते शरीरात जाते ते प्रामुख्याने हातांवाटे. त्यामुळे कामाच्या टेबलावर खाणे-पिणे टाळणे, काम संपल्यावर हात साबणाने धुणे आणि स्वयंपाकाचा ओटा या कामासाठी न वापरणे हे नियम महत्त्वाचे ठरतात. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना शिशापासून अधिक अपाय होतो. शिसेविरहित डाखही मिळतो. तो अधिक तापमानाला वितळतो. फ्लक्सचा धूर श्वसनमार्गाला त्रासदायक असल्याने खोलीत हवा खेळती लागते. काच मोडताना व घासताना चष्मा आवश्यक असतो, आणि घासणयंत्रात पाणी ठेवल्याने काचेची धूळ उडत नाही.

दुसरा धोका विजेचा आहे. शेडमधील धातूची जाळी अखंड असल्याने उघडी तार एका ठिकाणी टेकली तरी संपूर्ण शेडमध्ये वीज उतरू शकते. म्हणून तारजोडणी जाणकाराकडून तपासून घेतात व धातूच्या बैठकीला अर्थिंग देतात. जुने तापतंतूचे दिवे बरीच उष्णता देत, त्यामुळे शेडच्या वरच्या टोपीला छिद्रे ठेवत. एलईडी दिव्यांमुळे ही अडचण कमी झाली आहे.

ओळख आणि दुरुस्ती

बाजारात रंगीत प्लास्टिकच्या अनुकृतीही मिळतात. काचेच्या शेडवर नखाने टिचकी मारल्यास काचेचा आवाज येतो, शेड हाताला थंड व जड लागते आणि आतील बाजूलाही डाखाचे सांधे दिसतात. टिफनी स्टुडिओजच्या शिक्क्याची नक्कल होत असल्याने केवळ शिक्क्यावरून दिव्याचा अस्सलपणा ठरत नाही.

हाताने केलेल्या शेडचा एखादा तुकडा तडकला तर संपूर्ण शेड टाकावी लागत नाही. त्याच्या भोवतीचा डाख पुन्हा वितळवून तुकडा काढतात, त्याच मापाचा नवा तुकडा कापून फीत लावतात आणि सांधा पूर्ववत करतात. मूळ काचेचा उरलेला भाग आणि क्रमांक घातलेला कागदी नमुना जपून ठेवण्याची पद्धत यासाठीच आहे.