पहारेकरी नसलेला खजिना

उपग्रहांच्या स्थाननिर्देशक संकेतांत नागरिकांसाठी हेतुतः राखलेली त्रुटी अमेरिकेने मे २००० च्या प्रारंभी दूर केली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉनच्या रानात एक बादली दडवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि ‘जिओकॅशिंग’ हा छंद जन्मास आला. डबी शोधावी, आतील वहीत नाव नोंदवावे, वस्तू घेतल्यास तोलामोलाची दुसरी ठेवावी, हा त्याचा नियम. उपग्रह काही मीटरांपर्यंत आणून सोडतो. पुढे आपले डोळेच कामी येतात. परंतु त्या डबीवर पहारा नसतो. शोधाच्या भरात दगड उलथणारा, झाडोरा तुडविणारा वा डबी लांबविणारा प्रवासी मागाहून येणाऱ्याचा आणि त्या रानाचाही अपराधी ठरतो. जागा होती तशी मागे ठेवणे, हीच या छंदाची खरी कसोटी होय.