कपालेश्वर आणि सुंदरनारायण : दोन स्थलकथांचा अनुबंध

शिवालयात गाभाऱ्यासमोर नंदी असणे हा सर्वमान्य संकेत होय. नाशिकच्या पंचवटीत रामकुंडालगत उंचावर असलेल्या कपालेश्वर मंदिरात मात्र नंदी नाही. या अभावाचे कारण सांगणारी कथा स्थानिक परंपरेत रूढ आहे.

ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक छेदल्याने शंकरास ब्रह्महत्येचे पातक लागले. पापमुक्तीसाठी भटकत असता एका ब्राह्मणाच्या दारी त्याने गाय व वासरू यांचा संवाद ऐकला. उद्या धनी मला वेसण घालणार, तेव्हा मी त्याला मारीन, असे वासरू म्हणत होते. त्या पापाचे काय, या गाईच्या प्रश्नावर उपाय आपणांस ठाऊक असल्याचे त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी हत्या घडली, वासरू काळे पडले आणि गोदावरीत स्नान करताच पुन्हा शुभ्र झाले. मागोमाग आलेला शंकरही तेथेच मुक्त झाला. वासरू म्हणजे नंदी. तो गुरू ठरला आणि गुरूने शिष्यासमोर बसू नये म्हणून येथे नंदी नाही.

कपालमोचनाची ही कथा मूळची पौराणिक आहे. मत्स्य, कूर्म इत्यादी पुराणांत कपालमोचनाचे श्रेय वाराणसीला दिलेले आहे. नाशिकच्या कथेने ते गोदावरीकडे वळविले, एवढेच म्हणून थांबणे अपुरे ठरेल. पौराणिक कथेत वेसण नाही. ती आली आहे कुणब्याच्या गोठ्यातून. वेसणीला नकार देणाऱ्या वासराला कथा दोष देत नाही, उलट त्याला देवाचा गुरू करते. माहात्म्यकथेचे वळण स्वीकारूनही लोकमानसाने आपला अनुभव तीत असा ओतला, हे मला अधिक मोलाचे वाटते.

नदीच्या पलीकडील तीरावर सुंदरनारायणाचे मंदिर आहे. इ. स. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते बांधले. जालंधराची पत्नी वृंदा हिच्या शापाने विष्णू काळा पडला व गोदास्नानाने पुन्हा सुंदर झाला, अशी त्याची नामकथा. पातक, काळेपण, स्नान, पूर्वरूप हा क्रम दोन्ही कथांत समान आहे. शैव व वैष्णव कथा एकाच साच्यात घडल्या, कारण दोन्हींची खरी नायिका गोदावरीच आहे.

काळेपण म्हणजे पाप हा संकेत मात्र सार्वत्रिक समजू नये. जवळच काळारामाची कृष्णपाषाणाची मूर्ती भक्तिभावाने पूजिली जाते. त्याच मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दारे बंद करण्यात आली. देवांची पातके धुणाऱ्या या नदीची माहात्म्ये वाचताना तिच्या काठचा हा नकार अभ्यासकाने दृष्टीआड करता कामा नये.

कार्तिक शुद्ध चतुर्दशीस, म्हणजे वैकुंठ चतुर्दशीस, कपालेश्वर व सुंदरनारायण यांची हरिहरभेट होते. एरवी शिवाला वाहिला जाणारा बेल त्या दिवशी विष्णूला आणि विष्णूची तुळस शिवाला वाहिली जाते. कथांनी जे साम्य शब्दांत बांधले, ते विधीने वर्षातून एकदा पानांच्या अदलाबदलीत प्रत्यक्ष केले आहे.