हिरवं बूड पिवळं झालं, की…

मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांपुढे जातो, पण ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या बाटलीला हवी असते फक्त 35 ते 37 अंशांची ऊब, आपल्या अंगाइतकी. प्रचलित असलेल्या एका पद्धतीत बाटलीच्या बुडाला निळसर-हिरवी चकती असते. रक्तातले जिवाणू आतल्या खाऊवर वाढले, की कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि चकती पिवळी पडते. यंत्र दर 10 मिनिटांनी तो रंग तपासतं, रात्रीसुद्धा.

या बाटलीसाठी बरंच रक्त काढतात, ते कशाला? रक्तात जंतू शिरलेल्या मोठ्या माणसाच्याही एक मिलीलीटर रक्तात बऱ्याचदा एखादाच जिवाणू असतो. म्हणून बाटलीमागे 8 ते 10 मिली रक्त घेतात, तेही दोन वेगळ्या जागांहून. केळीच्या अख्ख्या बागेत एकच रोगट खोड असेल, तर चार झाडं बघून ते कसं सापडणार?

वासावरून ओळख. बाटली पॉझिटिव्ह आली, की त्यातले जिवाणू खाद्य घातलेल्या बशीत वाढवतात. स्यूडोमोनास या जिवाणूच्या बशीला द्राक्षांसारखा वास येतो. जुनेजाणते तंत्रज्ञ तेवढ्यावरून नाव सांगत. आता बशी हुंगायला मनाई आहे, कारण जंतू नाकावाटे आत जाऊ शकतो. आणि हे केळीच्या पट्ट्यातल्या रावेर-यावलकरांसाठी खास: 2006 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी ई. कोलाय या जिवाणूच्या जनुकांत बदल करून त्याला चक्क केळ्याचा वास आणला!

चॉकलेट अगर नावाच्या बशीत चॉकलेट नसतं. त्यात घातलेलं रक्त तापवलं की तपकिरी होतं, एवढंच.

चुकून झालेलं मिश्रण. जपानचे इंजिनिअर कोइची तानाका यांनी कोबाल्टच्या बारीक भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळलं. फेकून कशाला द्यायचं, म्हणून तेच वापरून पाहिलं आणि मोठे प्रथिनरेणू न तुटता लेझरने उडाले. 2002 चा रसायनशास्त्राचा नोबेल त्यांनाही मिळाला. त्याच तंत्राच्या घराण्यातलं माल्डी-टॉफ यंत्र आज जिवाणूंची ओळख पटवतं. वसाहतीचा एक ठिपका पोलादी पट्टीवर लावायचा, लेझर मारायचा. हलकी प्रथिनं नळीतून आधी पोचतात, जड मागाहून, आणि त्या वेळांवरून काही मिनिटांत नाव कळतं. पूर्वी यालाच आणखी एक दिवस जाई.

पण नाव कळलं म्हणजे औषध कळलं असं नाही, आणि मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते याच्या पुढचं काम. प्रतिजैविकांच्या चकत्या बशीवर ठेवून भोवती किती जागा मोकळी राहते, हे पाहायला एरवी 16 ते 20 तास लागतात. युरोपातल्या युकास्ट संस्थेने ठरवलेल्या जलद पद्धतीत पॉझिटिव्ह बाटलीतलं रक्त थेट बशीवर घेतात आणि 4, 6, 8 तासांनी वाचन करतात. म्हणजे सकाळी लावलेल्या बशीचं उत्तर संध्याकाळच्या राउंडला हातात! एनडीएमसारखं प्रतिरोधाचं जनुक तर पीसीआरवर तासाभरात सापडू शकतं. क्षयरोगासाठी अशीच झटपट तपासणी करणारं ट्रूनॅट हे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं, आणि ते बॅटरीवर चालतं.

शिरपूरहून धुळ्याला बाटली पाठवायची असेल, तर ती फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवू नये. गारठ्याने जिवाणू मंदावतात. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचेपाशीही नको. दोन-चार तासांत यंत्रात गेलेली बरी. आणि शक्यतो सलाइनमधून प्रतिजैविकाचा पहिला डोस जाण्याआधीच ती भरलेली असावी. औषधाचा मार बसलेले जंतू बाटलीत मुके होऊ शकतात. मात्र रुग्ण अत्यवस्थ असेल, तर बाटलीसाठी डोस अडवायचा नाही.