मिक्सिंग शिकताना: मामाजींचा आवाज कोठी गेला?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय मिक्सिंग. गायक, पेटी, तबला असे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले ट्रॅक एकत्र बसवून त्यांचं एक गाणं करायचं, याला मिक्सिंग म्हणतात. प्रत्येक ट्रॅक एकटा ऐकला की झकास वाटतो आणि सगळे एकत्र लावले की गिचमिड होते, हा अनुभव तुम्हालाही असेल. मला तर तो फार महागात पडणार होता.

आधी पार्श्वभूमी सांगतो. मी सॉफ्टवेअरवाला. कंपनी पुण्याची, पण काम घरून, म्हणजे वडसातून. रेल्वेच्या पाटीवर वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. झाडीपट्टी रंगभूमीचं हे मुख्य ठाणं. दिवाळीपासून होळीपर्यंत आसपासच्या गावांत रात्रभर नाटकं चालतात आणि गावकरी नाटक ठरवायला इथल्या नाट्यमंडळांच्या ऑफिसात येतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या अनेकांनी या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. इथल्या नाटकात गाणी लागतातच, आणि तीही तिथल्या तिथे, ऑर्गन-तबल्यावर.

माझे मामाजी त्याच रंगभूमीवर बरीच वर्षं गायले. मागच्या दिवाळीत मी त्यांना माझ्या खोलीत बसवलं आणि त्यांच्या जुन्या नाटकातलं एक पद रेकॉर्ड केलं. आवाजाचे तीन टेक घेतले. पेटी त्यांनीच नंतर वेगळी वाजवली, तबला त्यांच्या एका जुन्या सोबत्याने. जानेवारीत मामाजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, गाणं विसरा. म्हणजे ते तीन टेक एवढंच काय ते उरलं.

मी दोन महिने खपून मिक्स केला. बेस टाकला, मागे व्हायोलिनचा भरणा केला, आवाजावर मोठ्या हॉलचा रिव्हर्ब चढवला. हेडफोनवर एकदम सिनेमासारखं वाटत होतं. मामाजींनी ते स्वतःच्या फोनवर, अंगणात बसून ऐकलं आणि म्हणाले, "बाबू, पेटी आयकू येते, तबला आयकू येते. मी कोठी आहो?"

मग सगळं पुसून पहिल्यापासून बसलो. त्यात जे कळलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं: फक्त आवाज कमी-जास्त करा

मी आधी थेट प्लगइनवर जायचो. चूक. सगळे फेडर खाली आणा. गाण्यात ज्याचं ऐकायचं आहे तो ट्रॅक आधी वर घ्या. माझ्या बाबतीत मामाजींचा आवाज. मग एकेक वाद्य हळूहळू वर आणा आणि शब्द झाकला जातोय असं वाटलं की तिथेच थांबा. हे काम मोनोमध्ये आणि हळू आवाजात करा.

हळू आवाजात का? १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं की आपला कान सगळे स्वर सारख्या तीव्रतेने ऐकत नाही. आवाज लहान असला की खालचा बेस आणि अगदी वरचे स्वर कमी जाणवतात. मोठ्याने लावलं की सगळंच भरदार वाटतं, आणि आपण फसतो. म्हणूनच कोणतंही प्लगइन लावलं की आधीचा आणि नंतरचा आवाज एका पातळीवर आणून मगच तुलना करा. नुसतं मोठं झालेलंही कानाला 'चांगलं' वाटतं.

डिजिटलमध्ये ० डेसिबल हे छत आहे, त्याच्या वर आवाज फाटतो. सगळं मिळून सर्वात मोठा ठोका उणे ६ च्या आसपास राहू द्या.

दुसरं: जागा करून द्या

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. मामाजींची पट्टी काळी एक, म्हणजे त्यांचा सा साधारण १३९ हर्ट्झवर. त्याच्या वर त्याच सा चे गुणक येतात: २७८, ४१७ असे. पेटीचेही स्वर नेमके याच पट्ट्यात. दोन आवाज एकाच जागेत आले की मोठा आवाज लहान्याला झाकतो, याला मास्किंग म्हणतात. मी मामाजींचा आवाज वाढवत होतो, मग पेटी बारीक वाटायची म्हणून पेटी वाढवत होतो. शेवटी दोघंही छताला टेकले.

इक्वलायझर, म्हणजे ईक्यू, इथे कामी येतो. आवाजाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापलं. तिथे पंख्याची घरघर आणि दूरच्या मालगाडीशिवाय काही नव्हतं. पेटीवर २ ते ३ हजार हर्ट्झच्या भागात ३ डेसिबल कमी केले. शब्दाचा स्पष्टपणा बराचसा याच भागात असतो. पेटी एकटी ऐकली तर जराशी बोथट वाटते, पण गाण्यात कोणाला कळतही नाही. म्हणून ईक्यू करताना ट्रॅक सोलो करून बसू नका, सगळं चालू ठेवून करा. 'स' आणि 'श' टोचत असतील तर ते बहुतेक ५ ते ८ हजारांच्या दरम्यान सापडतात. तिथे डी-एसर हलकाच लावा.

व्हायोलिनचा भरणा? तो ट्रॅकच काढून टाकला. मीच घातलेला होता, गाण्याने मागितला नव्हता.

तिसरं: आधी हात, मग कॉम्प्रेसर

मामाजी स्टेजचे गायक. ओळ दबकी सुरू करणार आणि शेवटचा शब्द मंडपाच्या मागच्या टोकापर्यंत फेकणार. माइकजवळ याचा परिणाम असा की सुरुवात ऐकू येत नाही आणि शेवट कानात घुसतो.

कॉम्प्रेसर हा फरक कमी करतो. आपण एक मर्यादा ठरवायची. ३:१ प्रमाण ठेवलं तर मर्यादेच्या ६ डेसिबल वर गेलेला आवाज फक्त २ डेसिबल वर राहतो. अटॅक म्हणजे तो किती लवकर दाबतो. अगदी १ मिलिसेकंदावर ठेवला तर 'ट', 'क' यांचा ठोकाच मरतो. मी १५ वर ठेवला.

पण सगळं काम कॉम्प्रेसरवर टाकलं की आवाज चेपल्यासारखा होतो. म्हणून आधी ऑटोमेशन केलं, म्हणजे शब्दाशब्दाला फेडर वरखाली. तीन संध्याकाळी गेल्या. आमच्याकडे नाटकात ऑर्गनवाला हेच करतो. नटाचा शब्द आला की हात हलका, शब्द संपला की भरून वाजवणार. त्याच्याजवळ ना ग्राफ ना मीटर, नजर फक्त गाणाऱ्याच्या तोंडाकडे. मी लहानपणापासून हे बघत होतो, पण हेच मिक्सिंग आहे हे मला कळलं नव्हतं.

चौथं: रिव्हर्ब आणि खोली

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. रिव्हर्बमध्ये ३५ मिलिसेकंदांचा प्री-डिले दिला, तर कानाला वाटतं की प्रतिध्वनी १२ मीटरचा फेरा मारून आलाय. तेवढ्या फटीत मूळ शब्द स्वच्छ निघून जातो. रिव्हर्बचाही ३०० हर्ट्झच्या खालचा भाग कापला. मोठा हॉल काढून छोटी खोली लावली. नाही तरी हे पद कापडी मंडपात गायलं जायचं.

आपली खरी खोलीही फसवते. माझी खोली १० बाय १० फूट. समोरासमोरच्या भिंतींमुळे ५६ हर्ट्झच्या जवळ बेस उगाच फुगतो, आणि दोन्ही बाजू सारख्या म्हणून दुप्पट त्रास. कोपऱ्यात गाद्या उभ्या केल्या, माइकमागे गोधडी टांगली. गोधडीने आवाजाची झळाळी आवरते, पण इतका खालचा बेस तिला जुमानत नाही. म्हणून बेसचा निर्णय हेडफोनवर, आणि ओळखीचं एखादं गाणं त्याच पातळीवर शेजारी लावून घ्या.

पाचवं: फोनवर ऐका

बहुतेक फोनच्या स्पीकरमधून २००-३०० हर्ट्झच्या खालचं फार थोडं बाहेर येतं. मग मामाजींचा १३९ चा सा ऐकू कसा येतो? वरचे गुणक ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. डग्ग्याची घुमक मात्र गायब होते, कारण तिच्यात गुणक कमी असतात. डग्ग्यावर थोडं सॅच्युरेशन दिलं, गुणक तयार झाले, आणि फोनवर डग्गा परत आला.

हे फक्त गरिबांचं काम समजू नका. 'थ्रिलर'चे इंजिनिअर ब्रूस स्वीडन लहानशा ऑराटोन स्पीकरवर मिक्स तपासायचे. आणि एक गोष्ट: व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाही तर नंतर मिक्सलाच दोष द्याल.

सहावी आवृत्ती घेऊन मामाजींकडे गेलो. तोच फोन, तेच अंगण. पूर्ण ऐकलं, परत लावलं. मग ऑपरेशननंतरच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता शब्द समजते. पेटी अजून जरा जास्त आहे."

पेटी त्यांनीच वाजवलेली. घरी येऊन १ डेसिबल कमी केली.

तुमच्यासाठी गृहपाठ: लॅपटॉपवर ऑडॅसिटी फुकट मिळतं, फोनवर बँडलॅब चालतं. घरातल्या कोणाचं तरी गाणं रेकॉर्ड करा आणि पहिला एक तास फक्त फेडर हलवा, एकही प्लगइन नको. आणि रेकॉर्डिंग पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. पुढच्या भागात माइक कुठे ठेवायचा ते बघू. भेटूच!