मापाचे माउथगार्ड : खेळणाऱ्या मुलांच्या दातांसाठी

गेल्या वर्षी सांगलीत कबड्डीच्या सरावात माझ्या १४ वर्षांच्या नातवाच्या तोंडावर बचावपटूचा गुडघा बसला आणि वरचा समोरचा दात मुळासकट निखळून मातीत पडला. कोणी तरी तो उचलून नळाखाली खसाखसा घासला आणि कागदात गुंडाळून दिला. दंतवैद्यांकडे पोहोचेपर्यंत दोन तास उलटले होते. दात त्यांनी बसवला; परंतु मूळ कोरडे पडल्याने तो किती वर्षे टिकेल याची हमी देता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत हाडात रोवायचा कृत्रिम दातही बसवता येत नाही. माझ्या लेकीने त्याच दिवशी कबड्डी बंद केली.

आपला हा मुलूख पैलवानांचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे. १९६२ च्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकविजेते मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. येथे मोडलेला कान भूषण मानला जातो. त्याच अभिमानाने आपण पडलेल्या दाताकडेही पाहतो. मोडक्या कानाने घास चावण्यात अडचण येत नाही, एवढा फरक मात्र ध्यानात राहत नाही.

दातांवर कवच घालण्याची कल्पना जुनी आहे. १८९० च्या सुमारास लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउझ यांनी मुष्टियोद्ध्यांसाठी गटापर्चाच्या पट्ट्या वापरल्या. आज मुष्टियुद्धात माउथगार्ड सक्तीचे आहे. कबड्डी, कुस्ती, हॉकी खेळणारी आपल्याकडील बहुतेक मुले मात्र त्याविनाच उतरतात.

दुकानात तयार माउथगार्ड मिळते. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचेही मिळते. दोन्ही काही शे रुपयांत येतात. आम्ही प्रथम दुसऱ्या प्रकारचे आणले. चावताना ते दाढांखाली पातळ झाले, समोर सैल राहिले. ते जागेवर ठेवण्यासाठी मुलाला सतत दात आवळून धरावे लागत. चढाईत ‘कबड्डी कबड्डी’ म्हणता येईना, म्हणून ते मोज्यात खोचले जाई. मोज्यातल्या माउथगार्डने दात कसा वाचणार?

मापाचे माउथगार्ड दंतवैद्य करतात. दातांचा ठसा घेऊन प्लास्टरचा नमुना बनवतात व त्यावर मऊ, लवचिक प्लास्टिकचा तापवलेला पत्रा निर्वात यंत्राने घट्ट ओढून बसवतात. समोरच्या दातांवर साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडी राखली, की आघात एका दातावर न राहता विभागला जातो. ओठ व जीभ दातांनी फाटण्याचा धोकाही घटतो. त्याची घडण दातांवर नेमकी बसत असल्याने श्वास व बोलणे सुकर राहते, आणि म्हणूनच मुले ते तोंडात ठेवतात. माझ्या मते याचा खरा लाभ हाच. डोक्याला मार लागून मेंदूला होणारी इजा मात्र ते हमखास टाळत नाही. तसे सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

खर्च काही हजारांपर्यंत जातो. सांगलीत व कराडला दंत महाविद्यालये आहेत. तेथेही चौकशी करावी. दात बदलण्याच्या वयात किंवा दातांना तारा लावलेल्या असताना माप बदलत राहते, हे आधीच विचारून घ्यावे. वापरानंतर ते थंड पाण्याने धुऊन छिद्रांच्या डबीत ठेवावे. उन्हात तापलेल्या गाडीत राहिले तर त्याचा आकार बिघडतो.

आणि तरीही कायमचा दात निखळलाच, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. माती असल्यास हलकेच धुवावा. जमल्यास लगेच त्याच खाचेत बसवावा, नाहीतर थंड दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्यांकडे पोहोचावे. दुधाचे दात मात्र परत बसवत नाहीत.

नातू आता पुन्हा मैदानात उतरतो. पहिले काही दिवस त्याचे उच्चार बोबडे येत आणि मित्र हसत. दर सहा महिन्यांनी बसवलेल्या दाताची तपासणी असते. पुढची दिवाळीनंतर आहे. त्याची आई सामने पाहायला अजून येत नाही.